दुरुस्ती उपकर, पावसाळ्यापूर्वीच्या याद्या आणि जुन्या इमारतींतील भाडेकरू : देखरेख नेमकी कोणाची?

चिराबाजार

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अतिधोकादायक उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्ती उपकर भरणाऱ्या) इमारतींची यादी जाहीर करते, महापालिका आपल्या अखत्यारीतील इमारतींची वेगळी यादी काढते, आणि पहिला जोराचा पाऊस झाला की दोन्ही याद्या वर्तमानपत्रांतून नाहीशा होतात. यादीत नाव आलेल्या इमारतीतील रहिवाशाला घर सोडण्याची सूचना मिळते. मात्र ती इमारत या अवस्थेला पोहोचेपर्यंत तिच्याकडे कोणी पाहायला हवे होते, याचा त्या सूचनेत उल्लेख नसतो. या धाग्यात मला तेवढ्याच प्रश्नावर चर्चा हवी आहे. पुनर्विकासात किती चौरस फूट मिळणार आणि कोणता विकासक चांगला, यावर इतरत्र भरपूर लिहिले गेले आहे. ते येथे आणू नये ही विनंती.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेनासा झाल्यावर मालकांनी हात आखडता घेतला आणि साठच्या दशकात इमारती कोसळू लागल्या. बेडेकर समितीच्या शिफारशींनंतर १९६९ मध्ये कायदा झाला, शहर भागातील खासगी भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला आणि त्यातून दुरुस्ती करण्यासाठी मंडळ स्थापन झाले. पुढे १९७६ च्या म्हाडा कायद्यात ही व्यवस्था सामावली गेली. मुळात अशा १९,६४२ इमारती होत्या, त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे 'अ' वर्गातील होत्या. आज सुमारे तेरा हजार उरल्या आहेत.

माझे म्हणणे असे की या रचनेत पैसे गोळा करणारे कार्यालय एक, दुरुस्ती करणारे दुसरे आणि इमारत धोकादायक ठरवून पाडण्याचा आदेश देऊ शकणारी कार्यालये दोन्ही, असा घोळ सुरुवातीपासूनच आहे. उपकर मालमत्ता करासोबत महापालिका वसूल करते, दुरुस्ती मंडळाने करायची असते, आणि रस्ता, गटार, मलवाहिनी पुन्हा महापालिकेकडे. एका इमारतीचा संपूर्ण इतिहास, म्हणजे किती उपकर भरला, शेवटची दुरुस्ती कधी झाली, कोणती तुळई बदलली, हे सर्व एका ठिकाणी पाहायला मिळेल असे एकही दप्तर सामान्य भाडेकरूला उपलब्ध नाही. असे असताना याला देखरेख कसे म्हणावे?

ताडदेवकर

आपण मांडलेला इतिहास बरोबर आहे, परंतु त्यात मालकाची बाजू दोन वाक्यांत उरकली आहे. आमच्या कुटुंबाची एक इमारत आजही उपकरप्राप्त आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाचे भाडे महिना दीडशे रुपयांच्या आसपास आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ११ नुसार दर वर्षी चार टक्के वाढ करता येते, म्हणजे महिन्याच्या भाड्यात वर्षाला सहा रुपयांची भर. गच्चीवर डांबराचा एक थर द्यायचा म्हटले तरी सर्व भाडेकरूंचे कित्येक वर्षांचे भाडे त्यात जाते.

हा केवळ मालकांचा रडका सूर आहे असे कोणी म्हणू नये. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात गोठवलेली प्रमाण भाडी काळाच्या ओघात अवाजवी झाली आहेत असे स्पष्ट म्हटले होते. जुन्या कायद्याची मुदत लवकरच संपणार होती आणि नवा कायदा येऊ घातला होता, म्हणूनच तो रद्द करण्याचे न्यायालयाने टाळले. त्यानंतर ३१ मार्च २००० पासून जो नवा कायदा लागू झाला त्याने आम्हाला चार टक्के दिले. मालकाला उत्पन्न नाही, तरी कलम १४ प्रमाणे इमारत सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मात्र त्याचीच. अशा कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख कितीही कडक केली तरी त्यातून एक वीटसुद्धा बसणार नाही.

माजघर

ताडदेवकर, भाडे अपुरे आहे हे मी मान्य करते. आमच्याही पावतीवरचा आकडा सांगितला तर लोक हसतात. परंतु आपण पागडीचा उल्लेख टाळलात. खोली हस्तांतरित होताना बाजारभावाच्या जवळपास एक तृतीयांश रक्कम मालक घेतो आणि ती घेतल्याखेरीज पावती नव्या नावावर करत नाही, हा शहरातला सर्वमान्य रिवाज आहे. २००० पासून कलम ५६ ने ही रक्कम घेणे कायदेशीरही केले. त्या पैशातला किती वाटा इमारतीत परत गेला, याचा हिशोब कोणत्याही कार्यालयाने कधी मागितल्याचे मी ऐकलेले नाही. भाड्याचे उत्पन्न नगण्य आणि हस्तांतराचे उत्पन्न अदृश्य, या दोहोंच्या मध्ये दुरुस्ती अडकली आहे.

कलम १४ चा दुसरा भागही सांगायला हवा. मालकाने दुरुस्ती केली नाही तर पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन भाडेकरूंना ती स्वतः करता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र कोणत्याही वर्षी ही वजावट वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. दीडशे रुपये भाड्यावर ही रक्कम वर्षाला साडेचारशे होते. आमच्या मजल्यावरच्या सामाईक संडासाचा पाइप बदलायला प्रत्येक घराने त्याच्या कित्येक पट वर्गणी काढली, आणि ती वजा करण्याच्या फंदात कोणी पडले नाही. प्रत्यक्षात जुन्या चाळींची देखभाल अशी वर्गणीवर चालते. ती ना मालकाच्या हिशोबात दिसते, ना मंडळाच्या.

सांगाडा

मी बांधकाम अभियंता आहे आणि अशा अनेक इमारतींची तपासणी केली आहे, म्हणून वादात न पडता इमारत नेमकी कुठून खचते ते लिहितो, कारण देखरेख म्हणजे काय हे त्याशिवाय कळणार नाही.

गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी भागातील बहुतेक जुन्या इमारती सागवानी सांगाड्याच्या आहेत आणि त्यात विटांची भर घातलेली आहे. लाकूड शंभर वर्षे टिकते, पण ते कोरडे राहिले पाहिजे. ते भिजते ते मुख्यतः मोरीपाशी. तुळईचे टोक भिंतीत जिथे शिरते तिथे वरच्या मजल्याच्या मोरीचे पाणी झिरपत राहते, टोक आतून भुसभुशीत होते, आणि बाहेरून रंग दिलेला असल्याने वर्षानुवर्षे कोणाला पत्ता लागत नाही. जिन्याचे खांब आणि गॅलरीचे ब्रॅकेट यांचेही तसेच. पूर्वी संडास इमारतीच्या मागे वेगळे असत. गेल्या तीस-चाळीस वर्षांत लोकांनी ते सोयीसाठी खोलीत आणले, लाकडी तक्तपोशीवर काँक्रीटचा कोबा घातला, त्यावर लाद्या बसवल्या, माळ्यावर पाण्याच्या टाक्या ठेवल्या. भार वाढला आणि ओलही वाढली. हे प्रत्येक काम स्थानिक यंत्रणेच्या डोळ्यांदेखत झाले, बहुतेक वेळा कोणत्याही अभियंत्याने न पाहता.

आता वर्गवारीविषयी. सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. २०१४ मध्ये उच्च न्यायालयात ठरलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मालकाचा आणि भाडेकरूंचा अहवाल परस्परविरोधी आला तर तांत्रिक सल्लागार समितीकडे प्रकरण जाते. व्यवस्था कागदावर चांगली आहे. अडचण अशी की मालकाने नेमलेला सल्लागार सी-१ लिहितो, भाडेकरूंनी नेमलेला सी-२ब लिहितो, आणि दोन्ही अहवालांत तुळईचे टोक उघडून पाहिल्याचे एकही छायाचित्र नसते. इमारतीची तब्येत कोण पैसे देतो यावर ठरणार असेल तर तिसरी समिती बसवूनही फारसे साधत नाही. नियमित, ठरावीक कालांतराने आणि सरकारी खर्चाने केलेली तपासणी हाच त्यावर उपाय आहे. महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब प्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतीला संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र लागते, पण ते आणण्याचे कामही मालक वा रहिवाशांवरच सोपवले आहे.

डोंगरी_ते_दादर

एवढी तांत्रिक चर्चा करण्याआधी १६ जुलै २०१९ ची आठवण करून देतो. डोंगरीतील तांडेल मार्गावर केसरबाई इमारतीचा भाग कोसळून दहाहून अधिक माणसे गेली. ढिगारा उपसणे चालू असतानाच, पडलेला भाग उपकरप्राप्त नव्हता, तो अनधिकृत वाढीव बांधकाम होता, असा खुलासा म्हाडाकडून आला. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारच्या पाकमोडिया रस्त्यावर हुसैनी इमारत पडली तेव्हा ३३ माणसे मेली. ती पुनर्विकासासाठी रिकामी व्हायच्या यादीतली होती. आणि मालकाला पैसे परवडत नाहीत या युक्तिवादावर मला एवढेच म्हणायचे आहे की २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडला पडलेल्या बाबू गेनू मंडईच्या इमारतीचा मालक खुद्द महापालिका होती. तिथे पालिकेचेच कर्मचारी राहत होते आणि ६१ जणांचा जीव गेला. तेथे भाडे नियंत्रण आड आले नव्हते.

ताडदेवकर

बाबू गेनूचे उदाहरण माझ्या विरोधात जाते असे मला वाटत नाही. उलट, ज्या यंत्रणेला स्वतःची इमारत सांभाळता आली नाही तिच्याच हाती आमच्या इमारतींची देखरेख सोपवायची का, असा प्रश्न त्यातून निघतो.

नागरी_हिशोब

चर्चेत एक दुवा राहून गेला आहे, तो मांडतो. गोठवलेल्या भाड्याचा फटका फक्त मालकाला बसला असे नाही, तो महापालिकेलाही बसला आणि पर्यायाने रस्ते-गटारांना. पूर्वी मालमत्ता कर करपात्र मूल्यावर, म्हणजे मिळू शकणाऱ्या वार्षिक भाड्यावर आकारला जाई. १९६१ च्या पद्मा देबी प्रकरणापासून आणि पुढे १९७९ च्या दिवाण दौलतराय कपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की जिथे भाडे नियंत्रण लागू आहे तिथे करपात्र मूल्य प्रमाण भाड्याच्या वर नेता येत नाही. म्हणजे भुलेश्वरमधल्या इमारतीवरचा कर १९४० च्या भाड्याला बांधला गेला, आणि तिच्या समोरच्या रस्त्याचा, मलवाहिनीचा व कचऱ्याचा खर्च मात्र चालू काळाच्या दराने होत राहिला. मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित कर आणला त्यामागे हे एक मोठे कारण होते. त्या नियमांतील काही तरतुदी पुढे न्यायालयात टिकल्या नाहीत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भविष्यात वापरता येणाऱ्या चटईक्षेत्रावर आजच कर लावता येणार नाही असे सांगितले. असो, तो वेगळा विषय झाला.

सार्वजनिक सुधारणा आणि भाड्याची घरे यांच्यावर देखरेख करणारी खाती एकमेकांशी बोलत नाहीत याचा सर्वांत साधा पुरावा पाहायचा असेल तर जुन्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाल्यावर तळमजल्याच्या दारात उभे राहावे. जुन्या थरावर नवा थर चढत गेल्यामुळे अनेक ठिकाणी रस्ता इमारतीच्या जोत्याच्या वर गेला आहे. पूर्वी दोन पायऱ्या चढून आत जावे लागे, आता एक पायरी उतरून जावे लागते. पावसाचे पाणी सरळ आत येते आणि सांगाडा यांनी ज्या खांबांविषयी लिहिले त्यांच्या बुडाशी दिवसेंदिवस साचून राहते. रस्ते खात्याच्या नोंदीत ते काम उत्तम झालेले असते. त्याच इमारतीला दोन-तीन पावसाळ्यांनी धोकादायक असल्याची सूचना दुसरे कार्यालय चिकटवते. रस्त्याची पातळी ठरवणाऱ्या अभियंत्याने लगतच्या इमारतींची जोती मोजून नोंदवावीत, एवढी एक अट निविदेत घातली तरी पुष्कळ नुकसान टळेल.

जुनी_पाने

हे दुखणे आजचे नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते त्याचेच. रस्त्यांसाठी दाट वस्तीतली घरे पाडली गेली, मात्र तितक्या वेगाने पर्यायी घरे उभी राहिली नाहीत, आणि विस्थापित भाडेकरू शेजारच्या चाळींत दाटीने शिरले. आरोग्यासाठी केलेल्या सुधारणेमुळे शेजारच्या गल्लीची गर्दी वाढली. न्यास १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. मोठ्या रस्त्याचा आराखडा तयार असतो, तिथल्या भाडेकरूचा नसतो, हे तेव्हापासून चालत आले आहे.

कसबा_पेठ

मुंबईबाहेरचा आवाज म्हणून थोडेसे. पुण्यात उपकर नाही आणि दुरुस्ती मंडळही नाही. पेठांतील वाड्यांना महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली सूचना येते. धोका जास्त असेल तर कलम २६८ खाली घर रिकामे करण्यास सांगितले जाते. त्यापुढे वाडा दुरुस्त कोणी करायचा, याचे उत्तर मालक आणि भाडेकरू न्यायालयात शोधत राहतात, आणि वाडा तेवढा वेळ थांबत नाही.

भाड्याने दिलेल्या घराची पालिका दखल घेते ती करासाठी. १९७० पासून पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मिळकत करात चाळीस टक्के सवलत होती. लेखापरीक्षणातील आक्षेपांनंतर ती काढली गेली आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने पुन्हा लागू केली. तेव्हा पीटी-३ नावाचा अर्ज भरून, आपण स्वतःच राहतो असा पुरावा मिळकतदारांना द्यावा लागला. म्हणजे कोणते घर भाड्याने आहे हे पालिकेला शोधता येते, मनुष्यबळही लावता येते. परंतु त्या भेटीत जिना, गळती किंवा वायरिंग पाहिले जात नाही. जास्त कर लागू झाला की भेट संपली.

चिराबाजार

सर्वांचे आभार. कसबा पेठ यांनी नेमके दुखरे ठिकाण दाखवले. आता अधिकारांविषयी. महापालिकेला अधिकार कमी आहेत असे सहसा सांगितले जाते, ते मला पटत नाही. १८८८ च्या महापालिका कायद्याचे कलम ३५४ मालकाला किंवा भोगवटादाराला केवळ इमारत पाडायला सांगत नाही. पाडणे, सुरक्षित करणे किंवा दुरुस्त करणे, असे तिन्ही पर्याय त्यात आहेत. मालकाने आदेश पाळला नाही तर कलम ४८९ प्रमाणे आयुक्त ते काम स्वतः करून खर्च वसूल करू शकतात. कलम ४९९ मध्ये भोगवटादारानेही ते करण्याची वाट ठेवलेली आहे. मात्र ३५४ ची सूचना आली की लोकांना त्यातून फक्त पाडणे ऐकू येते, कारण बहुतेक वेळा तेवढेच लिहिलेले असते.

म्हाडा कायद्यातील कलम ७९-अ बद्दलही असेच झाले. विधिमंडळाने २०२० मध्ये केलेल्या सुधारणेला राष्ट्रपतींची संमती २०२२ च्या अखेरीस मिळाली. तिचा हेतू चांगला होता. इमारत धोकादायक ठरल्यावर मालकाला सहा महिन्यांत ५१ टक्के भाडेकरूंच्या संमतीसह पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायचा, तो न आल्यास भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिने, आणि तरीही काही न झाल्यास मंडळाने भूसंपादन करायचे. परंतु इमारत धोकादायक असल्याचे रीतसर ठरवण्याआधीच नोटिसा सुटू लागल्या, आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नऊशेहून अधिक नोटिसांना स्थगिती देऊन चौकशीसाठी समिती नेमली. आधी तपासणी, मग निष्कर्ष, मग नोटीस, हा क्रम उलटा झाल्यावर कायद्यातला सर्वांत उपयोगी हत्यारच बोथट होते, आणि खरोखर धोकादायक इमारतीतला भाडेकरूही अडकतो.

ताडदेवकर

या एका मुद्द्यावर आपण आणि मी एकाच बाजूला आहोत. माझ्याकडेही तशी नोटीस आली होती आणि ती देण्याआधी कोणीही इमारतीत पाऊल ठेवले नव्हते. तरीसुद्धा माझा मूळ प्रश्न शिल्लक आहे. पालिकेने ४८९ खाली दुरुस्ती करून खर्च माझ्याकडे मागितला तर मी तो दीडशे रुपयांच्या भाड्यातून कसा भरणार? भाड्याचा काही भाग केवळ त्याच इमारतीच्या दुरुस्तीसाठी राखीव खात्यात जमा होईल, त्यावर मालक, भाडेकरू आणि मंडळ अशा तिघांची सही लागेल, अशा अटीवर भाडे वाढवायला भाडेकरू तयार आहेत का, हे मला येथे ऐकायचे आहे.

माजघर

मी माझ्यापुरते सांगते, तयार आहे. पागडीच्या हस्तांतराचा ठरावीक हिस्साही त्याच खात्यात जाणार असेल तर आमच्या मजल्यावरचे बहुतेक जण तयार होतील. वृद्ध विधवा आणि निवृत्तीवेतनावर असलेल्यांना मात्र सरसकट वाढ झेपणार नाही, त्यांचा विचार आधी व्हायला हवा.

घर रिकामे करायला लोक का घाबरतात, हेही या निमित्ताने लिहिते. सूचना आली तरी माणसे टेकू लावलेल्या गॅलरीखाली राहतात ती बेफिकिरीने नव्हे. संक्रमण शिबिरात गेलेल्या कित्येक कुटुंबांची दुसरी पिढी तिथेच वाढली. इमारत पडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजी प्रकरणात म्हटले आहे, आणि पाडण्यापूर्वी प्रत्येकाच्या जागेचे मोजमाप नोंदवणे पालिकेवर बंधनकारक आहे. पण हे घरोघरी कोणी सांगत नाही. सूचनेच्या कागदासोबतच मोजमापाचा सही-शिक्क्याचा उतारा हातात मिळाला तर निम्मे लोक त्याच आठवड्यात बाहेर पडतील, असे मला वाटते.

आम्ही रहिवाशांनी माहिती अधिकारात अर्ज तयार केला आहे. त्यात तीनच गोष्टी मागितल्या आहेत: आमच्या इमारतीने आजवर भरलेला उपकर वर्षनिहाय, मंडळाने तिच्यावर केलेला खर्च कामनिहाय, आणि शेवटच्या पाहणीचा अहवाल. त्यात आणखी काही घालावे का?

सांगाडा

पाहणी अहवालासोबत त्या वेळची छायाचित्रे आणि पाहणी करणाऱ्याची मोजमाप वही अवश्य मागा, नुसता अहवाल घेऊ नका. एक अर्ज महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडेही करा; गेल्या दहा वर्षांत समोरच्या रस्त्याची पातळी किती वेळा वाढली याची नोंद नागरी हिशोब यांच्या मुद्द्यासाठी लागेल. आणि उत्तर येईपर्यंत थांबू नका. सर्वांत खालच्या मजल्यावर ज्यांनी फॉल्स सीलिंग बसवले आहे, त्यांच्याकडचा मोरीखालचा एक चौकोन तेवढा उघडून घ्या. तुळईच्या टोकात स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. तो अर्ध्या इंचाहून आत गेला तर पावसापूर्वी तिथे टेकू लावून घ्या, आणि त्या जागेचे तारखेसह छायाचित्र काढून मंडळ व पालिका दोघांनाही पोच घेऊन द्या.